कापसाच्या गंजीवरचं ऑइल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अमरावतीच्या कचेरीत इतकी वर्षं कारकुनी केल्यावर माणसाचा कशावरच राहत नाही म्हणा! तरी अकोल्याला जे झालं ते सांगतो... हसायचं तर हसा, बायको हसतेच.

माझे मामा अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिन ड्रायव्हर. त्याआधी हवाई दलात फिटर होते. स्पिटफायर हे लढाऊ विमान सगळ्यांना ठाऊक. मामांचं विमान मात्र टेम्पेस्ट, ज्याचं नावही कुणी ऐकलेलं नाही. "चार तोफा, भाचेबुवा! खाली झेपावलं का कोणाच्या बापाले सापडत नसे," म्हणायचे. पाठोपाठ दोषही सांगायचे — उडताना उजवीकडे ओढायचं, आपल्याकडच्या उन्हात तापायचं, आणि ऑइल असं फेकायचं की उतरल्यावर पोट काळंकुट्ट.

असंच एक टेम्पेस्ट इंजिन बंद पडून कोसळलं. वैमानिक गेला. त्या विमानाच्या ऑइलच्या टाकीचं झाकण सकाळी मामांनी लावलं होतं. चौकशीत काही निघालं नाही, पण आपण ते पुरतं आवळलं होतं का, हे मामांना काही केल्या आठवेना. तेव्हापासून ते दिसेल ते झाकण आवळायचे. स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचं तर मामीला शेजारून पान्हा आणावा लागे. "स्टो हाय का विमान?" ती ओरडायची. मामा हसायचे नाहीत.

साठ-एकसष्टची गोष्ट. रविवारची दुपार, जीन बंद. मामा एकटेच इंजिन पुसत होते, मी डबा घेऊन गेलो. जेवताना आवाज आला — जड, घरघरता. मला वाटलं, ट्रक. मामांचा घास हातातच राहिला.

"टेम्पेस्ट."

"मामा, ती कधीच भंगारात गेली..."

"मले शिकवून राहिला का तू?"

बाहेर धावलो. आभाळ रिकामं! आवाज मात्र डोक्यावरून मूर्तिजापूरच्या दिशेनं गेला, खोकल्यासारखा अडखळला आणि थांबला. मी कान देऊन उभा... काहीच नाही. आणि समोर कापसाच्या पांढऱ्या गंजीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका रेषेत काळे थेंब. मी शूर माणूस — आधी हातातली वरणाची वाटी तपासली.

मामांनी एक पुंजका उचलून हुंगला. बोटांवर चोळला. पुन्हा हुंगला.

"जळकं हाय," ते हळूच म्हणाले. "झाकणातून सांडलं असतं तर असं जळकं नसतं. इंजिनच फुटलं होतं, भाचेबुवा... इंजिनच." आणि तिथेच कापसात बसले.

फाटकावरच्या चौकीदारानं आवाज ऐकलाच नव्हता. थेंब मात्र पाहिले, आणि मालकाला नाव मामांचं सांगितलं. जिनाचं इंजिन शनिवारपासून थंड, गंजीपासून शंभर पावलं लांब! मामांनी बोलणी निमूट खाल्ली.

त्या संध्याकाळी मामी स्वयंपाकघरातून ओरडली, "अवो, स्टोचं झाकण कोणी लावलं? दोन बोटांनी निघालं!"

"मीच," मामा म्हणाले.

तो पुंजका माझ्याकडे डबीत आहे. मला त्याचा कसलाच वास येत नाही. आवाज कशाचा, थेंब कुठले, मला आजही सांगता येत नाही. मामीनं मात्र दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांचा पान्हा परत केला.