गुरुवारचा फोन

माझा आवाज चांगला आहे असं मला आजवर एकाच माणसानं सांगितलं, आणि तेही कामापुरतं. ते इंदूरच्या पलासिया भागातले मनाच्या आजारांचे डॉक्टर. मी त्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर टायपिंग करायचे. तोपर्यंत शहरातल्या कापडगिरण्या, ज्यांना इंदुरात सगळे मिलच म्हणतात, एकामागून एक बंद पडल्या होत्या. पलासियात रोज नवं दुकान, नवा क्लास, काचेच्या दाराची नवी बँक उघडत होती आणि आमच्या मिलच्या वस्तीत धडधाकट माणसं भर दुपारी खाटेवर पडून छताकडे बघत होती. वर्तमानपत्रवाले याला खुलीकरण म्हणायचे. खुलं काय झालं ते आमच्या गल्लीत कुणाला नीट सांगता आलं नसतं.

डॉक्टरांना या माणसांची काळजी होती, हे मी आजही मान्य करते. पण माणसं त्यांच्याकडे यायला तयार नव्हती. मनाच्या डॉक्टरकडे गेलं की माणूस पागल ठरला, आणि मग घरातल्या पोरींची लग्नं जमायची कशी? म्हणून डॉक्टरांनी एक प्रयोग काढला. त्याच सुमारास घरोघर फोन लागत होते. ज्याच्यासाठी पूर्वी वर्षानुवर्षं वाट बघायची, तो फोन आता अर्ज केला की येत होता. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरनं दर आठवड्याला या माणसांच्या घरी आपणहून फोन लावायचा, रेकॉर्ड केलेले प्रश्न विचारायचे आणि माणसानं फोनची बटणं दाबून उत्तरं द्यायची. हो असेल तर एक, नाही असेल तर दोन. उत्तरं पाहून मग तोच कॉम्प्युटर सांगणार, आज थोडं चालून या, श्वास असा घ्या, दिवसातलं एक तरी काम ठरवून करा. अशानं माणूस सावरतो का, हे त्यांना तपासायचं होतं. "आदमी आदमी से झूठ बोलता है, मशीन से क्यों बोलेगा?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

मिलमध्ये मराठी माणसं पुष्कळ, त्यामुळे प्रश्न हिंदीबरोबर मराठीतही करायचे ठरले. भाषांतर डॉक्टरांनी पुण्याच्या कुणा ओळखीच्यांकडून करवून आणलं. 'आपणांस निराशेची भावना वारंवार ग्रासते काय?' मला हसूच फुटलं. म्हटलं, डॉक्टरसाहेब, आमच्याकडचा माणूस हे ऐकून फोन ठेवून देईल, त्याला वाटेल कोर्टाची नोटीस आली. मग मीच बसून ते सगळं घरच्या बोलण्यात आणलं. रात्री झोप लागते का तुम्हाला? कशात मन लागतं का? उगीच घबराट होते का? आपण नसतो तरी चाललं असतं, असं वाटतं का? मनातलं सांगायला कोणी आहे का? डॉक्टरांना मराठी बेताचंच यायचं, पण ऐकून म्हणाले, "आवाज भी आप ही दे दो. घर की आवाज लगती है." पंखा बंद, खिडक्या बंद, अशा खोलीत घामाघूम होऊन मी ते रेकॉर्ड केलं. त्यानंतर काही दिवस मी भलताच भाव खाल्ला.

माझे बाबा अशाच एका बंद मिलमधले जॉबर. लूम खात्यातले साचे बिघडले की दुरुस्त करायचे आणि साच्यावरच्या माणसांवर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. मिल बंद झाल्यावर सुरुवातीला ते रोज फाटकापर्यंत जाऊन यायचे, पुढे तेही सुटलं आणि घरातलं बोलणं कमी झालं. मी डॉक्टरांकडे शब्द टाकला. घरचा माणूस घ्यावा की नाही यावर त्यांनी थोडं हो-ना केलं आणि बाबांना अभ्यासातला एक नंबर दिला. घरी मी सांगितलं, गुरुवारी दुपारी फोन येईल, बाबांनी तो घ्यायचा, फोन चुकत गेले तर नाव कापलं जाईल. आवाज माझा आहे, हे तर दोनदा सांगितलं.

"म्हणजे आता पोरगी बापाला मशीनमधून विचारणार, झोप येते का म्हणून," बाबा म्हणाले. "चलो, ठीक आहे."

आई पोळ्या लाटत होती. ती काही बोलली नाही, आणि तिनं काही बोलावं अशी आमची कुणाची अपेक्षाही नव्हती.

पहिले काही गुरुवार ठीक गेले. मग बाबांच्या नंबरापुढची उत्तरं बिघडायला लागली. झोप नाही. मन लागत नाही. घबराट होते. कागद माझ्याच हातून छापून डॉक्टरांकडे जायचे, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. एका गुरुवारी 'आपण नसतो तरी चाललं असतं' याच्यापुढे 'हो' आलं आणि तो कागद घेऊन मी धावतच डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बाबांना बोलावून घेतलं. बाबा ऐटीत खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मैं तो एकदम फिट हूँ, डॉक्टरसाब. भूख भी लगती है, नींद भी आती है." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. समोरासमोर माणूस खोटं बोलतो, हे तर आम्हाला पाठच होतं. बाबांना गोळ्या सुरू झाल्या.

घरात मग बाबांचे लाड सुरू झाले. मी येताना राजवाड्याच्या चौकातून त्यांच्यासाठी गरम जिलबी आणायची. त्यांना कुणी टोकायचं नाही, टीव्ही मोठ्यानं लावायचा नाही. गच्चीच्या दाराला मी कुलूप घातलं. जेवण झालं की त्यांना साय घालून दूध. ते दूध आई तापवायची, आई आणून द्यायची, रिकामा पेला आईच उचलायची. आणि मी तिलाच दटावायची, "आई, त्यांच्याशी जरा हसून बोलत जा ना. तुझा चेहरा बघूनच माणूस आजारी पडेल." हे मी बोलले आहे. आठवलं की वाटतं, तेव्हाच जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

बाबा रोज सकाळी "राजवाड्यावर दोस्तांकडे जातो" म्हणून निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. गुरुवारी फोनच्या वेळी घरी असतात ना, असं मी विचारलं की आई मान हलवायची. मी खूश. माणूस बाहेर पडतोय, चार लोकांत मिसळतोय, यानंच त्याला आराम पडेल, असं डॉक्टरही म्हणत होते.

एका संध्याकाळी शहराबाहेरच्या हातोदच्या मंडीतला एक धान्याचा व्यापारी बाबांना स्कूटरवर मागे बसवून घरी घेऊन आला. बाबा पेंगतच उतरले.

"दीदी, बाऊजी आज काँटे पे बैठे-बैठे सो गए, गिरते-गिरते बचे," तो म्हणाला. "डॉक्टर को दिखा दो जरा. वैसे इतने महीनों में इन्होंने एक दिन की छुट्टी नहीं मारी. तोल में इनके जैसा पक्का आदमी नहीं."

बाबांनी मान खाली घातली. एवढ्या मोठ्या मिलच्या जॉबरनं हातोदला बसनं जाऊन सोयाबीनची पोती तोलायची, हे गल्लीत कळू नये म्हणून राजवाड्याचं निमित्त होतं. बाकी त्यांचं शब्दन्शब्द खरं होतं. त्यांना काम मिळालं होतं, मंडीत गप्पा मारायला माणसं मिळाली होती, भूक लागत होती. झोप तर आम्हीच गोळ्या देऊन नको तितकी आणली होती.

व्यापारी गेला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एकही दिवस सुटी नाही, म्हणजे गुरुवारीही नाही. मी स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती.

"आई, गुरुवारचा फोन कोण घेत होतं?"

"मी," ती म्हणाली. "तुझे बाबा म्हणाले, खाडा नको व्हायला. बदलीवर तू बस."

मिलमध्ये कायमचा माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर बदलीचा माणूस उभा करायचे. कोण उभा आहे याला महत्त्व नाही, साचा थांबता कामा नये. बाबांनी जन्मभर तेच पाहिलं, तेच केलं, आणि फोनलाही तोच कायदा लावला. मिलमधल्या कुठल्याही माणसानं हेच केलं असतं. डॉक्टरांच्या मोठमोठ्या पुस्तकांत ही शक्यता कुठेच लिहिलेली नव्हती.

"पण मग बाबांना झोप नाही, असं का दाबलंस तू?"

"आधी त्यांचंच दाबायची. सब ठीक आहे म्हणून दाब, असं सांगून जायचे ना ते." ती मळून झालेली कणीक पुन्हा मळायला लागली. "मग मला वाटलं... तू विचारत होतीस. तुम्हाला झोप लागते का, तुम्हाला घबराट होते का. किती अदबीनं. म्हटलं, पोरगी एवढी विचारतेय तर खरं सांगावं."

आई भोळी नव्हती. ती टेप आहे, पलीकडे कुणी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्या घरात तिला हे प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेच नव्हते. मिल बंद पडली ती बाबांची, धक्का बसला तो बाबांना, अशीच आमची सगळ्यांची समजूत होती. त्या सगळ्या काळात घर कोण रेटतंय, कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही, याची चौकशी करावी असं मला सुचलं नाही. बाहेर मात्र मी साऱ्या मिलवाल्यांना गोड आवाजात विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, आधी बाबांच्या गोळ्या बंद केल्या आणि मग म्हणाले, "ये नंबर तो गया." नंबर कॉम्प्युटरमधून काढावाच लागला, कारण अभ्यास मिलच्या कामगारांचा होता आणि कामगारांच्या बायकांसाठी त्यात जागाच नव्हती. पण माणूस भला. आईला घेऊन या, मी स्वतः बघतो, असं लगेच म्हणाले. मी घरी आले, आईची समजूत काढली, रडले, भांडलेसुद्धा.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "माझी काय मिल बंद पडलीय?"

ती कधी आली नाही. मग मी रोज सकाळी घरातच विचारायला लागले. आई, झोप लागली का? लागली की. घबराट होते का? छे गं. मनातलं काही सांगायचंय? काय असणार मनात, भाजी काय करू ते सांग. गुरुवारची तिची उत्तरं मला पाठ होती, आणि ती माझ्या तोंडावर त्याच्या अगदी उलट सांगायची. पुढे ती बरीच वर्षं होती, आणि त्या सगळ्या वर्षांत तिनं मला एकदाही खरं सांगितलं नाही.

आता म्हणे हेच काम करणारी ॲप्स मोबाइलवर निघाली आहेत. तुम्हाला आज कसं वाटतंय, असं ती रोज विचारतात, आणि त्यांच्यावर देशोदेशी अभ्यास चालू आहेत. चालू देत. उपयोग होत असेल, नाही असं मी म्हणणार नाही, मी तर तो होताना पाहिलाय. नंबर काढायच्या आधी मी त्याची सगळी उत्तरं एकदा बघून घेतली होती. 'मनातलं सांगायला कोणी आहे का?' याला आईनं बरेच गुरुवार 'नाही' दाबलं होतं आणि शेवटी-शेवटी 'हो'. त्यानंतर गुरुवारचा तो फोन आम्ही बंद केला.

पुढे एका गुरुवारी मी तापानं घरी पडून होते. दुपारी फोन वाजला. आई मोरीत भांडी घासत होती. ती ओल्या हातांनी धावत आली, पदराला हात पुसले आणि रिसीव्हर उचलला. हॅलो म्हणाली नाही. रिसीव्हर कानाला लावून, दुसऱ्या हाताचं बोट बटणांवर धरून ती तशीच उभी राहिली. पलीकडून कुणीतरी दोन-तीनदा मोठ्यानं काहीतरी विचारलं, ते मला खाटेवरही ऐकू आलं. मग तिनं हळूच फोन ठेवला.

"कोण होतं?" मी विचारलं.

"राँग नंबर."

"मग हॅलो का नाही म्हणालीस?"

तिनं पदरानं फोन पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं, तू आहेस."