पेजेची खळ आणि सिल्वेस्त्रेची टोपी

माझ्यामुळे एकदा एका सज्जन माणसाचं लग्न मोडायला आलं होतं. आणि कशानं माहितीये? पेजेनं! हसू नका. आपण मीठ घालून पितो ना, तीच भाताची पेज. चहा ओता आधी सगळ्यांना, मग सांगतो. एकदा सुरू झालो की मी मधे थांबत नाही, ठाऊक आहे तुम्हाला.

तर कुवेतला आमच्या खोलीत आम्ही तिघं. मी चिपळूणकडचा, शुऐबाच्या प्लांटवर पाइप फिटर. दुसरे इब्राहीमभाई, दापोलीचे, कंपनीत ड्रायव्हर. आणि तिसरा सिल्वेस्त्रे, वेल्डर. हा पार पेरू देशातला. तिकडे म्हणे डोंगरांच्या माथ्यावर समुद्राएवढं सरोवर आहे, सरोवरात बेट आणि बेटावर याचं गाव. घरी बोलतात क्वेचुआ. आमच्याशी बोलायला साइटवरची हिंदी, ती त्याला इब्राहीमभाईंनी शिकवली. त्यामुळे शिव्या आधी आल्या आणि क्रियापदं नंतर.

या सिल्वेस्त्रेचं एक वेड होतं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसला की पिशवीतून सुया काढायचा आणि विणायला लागायचा. सुया तरी कसल्या? सायकलचे स्पोक घासून केलेल्या! सगळी बस फिदीफिदी हसायची.

"काय सिल्वेस्त्रे, बाळंतविडा का?"

तो शांतपणे म्हणायचा, "हमारा गाँव में आदमी लोग टोपी बुनता है. जिसको बुनना नहीं आता, उसको लड़की नहीं मिलता."

झालं! बसमधल्या निम्म्या ब्रह्मचाऱ्यांचं हसूच बंद झालं.

पण टोपी काय होती महाराजा! लांबलचक, मागे पाठीवर लोंबणारी, टोकाला गोंडा. खालचा भाग लाल, त्यात इवले इवले पक्षी आणि फुलं, वरचा भाग पांढरा. लोकर त्याच्या आईनं कातून पाठवलेली. लाल रंगसुद्धा तिनंच निवडुंगावरचे किडे वाटून काढलेला. आणि अर्धी पांढरी का, तर मुलगा बिनलग्नाचा. लग्न झालं की टोपी पूर्ण लाल. आपल्याकडे बाईचं लग्न गळ्यात दिसतं, यांच्याकडे पुरुषाचं डोक्यावर! मला तर ही पद्धत मनापासून आवडली. हळूहळू बसमध्ये मीच सगळ्यांना सांगायला लागलो, "बघा, आमच्या खोलीतला आहे!" जसं काही मीच विणत होतो.

आता मुलगीही ठरलेली होती. निल्दा तिचं नाव. सिल्वेस्त्रेच्याच गावची, कुवेत शहरातल्या शर्क भागात एका हॉटेलात केक बनवायची आणि तिथल्या आचाऱ्यांकडून हिंदी शिकलेली. दोघांचं मन जुळलेलं, अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. ते लेकीला भेटायला कुवेतला आले. शुक्रवारी दुपारी मासळी बाजारामागे समुद्राकाठी भेटायचं ठरलं.

सिल्वेस्त्रे मला म्हणाला, "बाप टोपी को परखेगा. टोपी पास तो शादी. टोपी फेल तो खल्लास."

आता परखणार म्हणजे नेमकं काय करणार, हे विचारायला नको होतं का मी? नाही विचारलं! मला वाटलं आपल्यासारखंच. मांडी घालून बसतील, टोपी हातात घेतील, उलटीपालटी करतील, छान आहे म्हणतील. बघण्याचा कार्यक्रम!

शुक्रवारी सकाळी सिल्वेस्त्रे ओव्हरटाइमला गेला. टोपी खिळ्याला टांगलेली. मी बघितलं तर पांढरा भाग मळका. बसमधली धूळ, हाताचा घाम. मला ते बघवेना हो! कारण मी कोणाचा मुलगा? आमचे अण्णा! त्यांच्या टोपीला पेजेची खळ आणि अशी इस्त्री, की घडीच्या धारेनं लोणी कापावं. वाडीत लग्न निघालं की पाहुण्यांच्या टोप्या आमच्या घरी यायच्या. ती कला अण्णांनी एकट्या मला शिकवली, धाकट्या भावाला नाही. अशा घरातल्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचा मित्र मळकी, लोंबती टोपी घालून सासऱ्यापुढे उभा राहणार? शक्यच नाही!

टोपी थंड पाण्यात हलक्या हातानं धुतली. तेवढं शहाणपण होतं. मग कुकरला उकडा तांदूळ लावला, छान दाट पेज काढली, फडक्यातून गाळली.

इब्राहीमभाई आंघोळ करून आले. "दिनू, ताप आलाय काय रे? पेज कोणाला?"

"टोपीला."

"लोकरीला खळ? मेल्या, कधी ऐकलीस?"

"इब्राहीमभाई, अण्णा म्हणायचे, टोपी ताठ तर माणूस ताठ."

"अण्णांच्या टोपीला गोंडा होता काय?"

मी लक्ष दिलं नाही. कलाकाराला लोक अडवतातच. टोपी पेजेत बुडवली, पिळली, पुन्हा बुडवली. एकदा खळ देऊन लोकर ऐकेना, म्हणून तीन हात दिले. पातेल्यावर चढवून पंख्याखाली वाळवली आणि वरून ओलं फडकं घालून कडक इस्त्री. काय सांगू तुम्हाला! टोपी टेबलावर स्वतःच्या पायावर उभी राहिली. गोंडा थेट छताकडे! मी दोनचार फोटो काढले. अण्णा असते तर पाठ थोपटली असती.

सिल्वेस्त्रे धावतपळत आला. टोपी बघितली आणि जागच्या जागी थांबला. बोटानं टिचकी मारली. टक् असा आवाज आला.

"दिनू... ये क्या?"

"कडक! इसको बोलता है कडक!"

त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं. त्यानं टोक मागे वाकवून बघितलं, ते टणकन पुन्हा वर आलं. धुवायला वेळ नव्हता, इब्राहीमभाईंनी खाली हॉर्न लावला होता. गाडीत तो सारखा टोपीचं टोक दाबून बघत होता. मी म्हटलं, साहजिक आहे, नवरा मुलगा आहे.

समुद्राकाठी बाकावर म्हातारा बसला होता. काळं जाकीट, कमरेला रुंद विणलेला पट्टा. निल्दानं हळूच सांगितलं, तो पट्टा तिच्या आईनं लग्नात स्वतःचे केस आतून मिसळून विणलेला. तेव्हापासून म्हाताऱ्यानं दुसरा पट्टा बांधला नाही. मी हात जोडले. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग टोपीकडे आणि मग बराच वेळ टोपीकडेच.

त्यानं टोपी उलटी करून वाटीसारखी मांडीवर धरली. पाण्याची बाटली उघडली. आणि टोपीत पाणी ओतायला लागला!

"अरे, अरे! हे काय?"

निल्दा म्हणाली, "यही टेस्ट है, भैया. बुनाई टाइट होगी तो पानी नहीं गिरेगा. पानी गिरा तो बाबा ना बोलेंगे."

बघा, परखणं म्हणजे हे! पण टोपीतून एक थेंब गळेना. सगळे श्वास रोखून. माझी छाती काय फुगली म्हणता! मी इब्राहीमभाईंना कोपरानं ढोसलं, "बघितलंत? खळ!"

आणि खळ म्हटलं नि खळ सुटली.

आधी टोपीचा ताठा गेला. ती हळूहळू मऊ पडली, गोंड्यानं मान टाकली. मग बुडाशी एक जाडसर पांढरा थेंब आला. मग दुसरा. मग गुलाबी झाक असलेली अस्सल पेज म्हाताऱ्याच्या मांडीवरून त्या पट्ट्यावर ओघळली. बायकोच्या केसांच्या पट्ट्यावर! म्हाताऱ्यानं बोट लावलं, हुंगलं, चक्क चाटलं. आणि उभा राहून जो काही कडाडला! क्वेचुआतलं मला ओ की ठो कळत नाही, पण तो संताप कळायला भाषा लागत नव्हती.

निल्दा रडायलाच लागली. "बाबा बोलते हैं, इसने फसाया. छेद चिपकाया. झूठा आदमी को बेटी नहीं दूँगा."

सिल्वेस्त्रेचा चेहरा पांढराफटक. इतके महिने सगळ्या बसचं हसणं झेलत त्यानं ती टोपी विणली, आणि आता तो खोटा ठरत होता. तरी त्या भल्या माणसानं माझ्याकडे बोट दाखवलं नाही हो! मान खाली घालून उभा राहिला. मला असं झालं, की हा समुद्र आत्ता मला पोटात घेईल तर बरं.

मी पुढे झालो. "निल्दाबेन, बाबा को बोलो, ये मैंने किया. सिल्वेस्त्रे को मालूम भी नहीं था. हमारे यहाँ टोपी को चावल का पानी लगाते हैं. इज्जत के वास्ते!"

म्हातारा ऐकून घेईना. मग मी पळत समोरच्या बकाल्यात, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात गेलो, पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा बॉक्स उचलून आणला आणि तिथेच फुटपाथवर उकिडवा बसून टोपी धुवायला लागलो. चोळ, खळखळव, ओत. चोळ, खळखळव, ओत. गर्दी जमली. मासळी घेऊन निघालेले एक कुवेती आजोबा थांबले, "शिनू हाज़ा?" म्हणजे हे काय चाललंय. इब्राहीमभाईंनी त्यांना अरबीत सगळं समजावलं, तेव्हा तेही पापलेटाची पिशवी सांभाळत निकालासाठी उभे राहिले.

शेवटी पाणी नितळ यायला लागलं. अण्णांची खळ माझ्या हातानं मीच उतरवली. मऊ, ओली, लोंबती टोपी मी दोन्ही हातांनी म्हाताऱ्यापुढे धरली. "बाबा, अब डालो."

त्यानं टोपी घेतली. पाणी ओतलं, काठोकाठ. आम्ही सगळे खाली वाकून बुडाकडे बघतोय. कोणी खोकेनासुद्धा. म्हातारा टोपी तशीच हातात घेऊन चालायला लागला, कठड्यापर्यंत गेला, वळला, परत आला. फुटपाथ कोरडा! एक थेंब नाही! सिल्वेस्त्रेचं विणकामच तसं होतं, त्याला ना माझी गरज होती ना माझ्या पेजेची. म्हाताऱ्यानं ते पाणी समुद्रात ओतलं आणि ओली टोपी स्वतःच्या हातानं सिल्वेस्त्रेच्या डोक्यावर चढवली. कुवेती आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मी तर ओरडलोच, "आमच्या खोलीतला आहे!" अभिमानानं डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू?

मग सगळे बाकावर टेकले. म्हाताऱ्यानं मला निरखून बघितलं आणि निल्दाला काहीतरी विचारलं.

"बाबा पूछते हैं, आपकी शादी हुई? आपके ससुर ने आपकी टोपी देखी थी?"

मी ऐटीत म्हटलं, "हमारे यहाँ टोपी नहीं देखते. पत्रिका देखते हैं. छत्तीस गुण!" आणि उत्साहाच्या भरात घरी व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, माझेही सासरे दाखवतो यांना. बायकोनं फोन त्यांच्या हातात दिला. मी झाला प्रकार सगळा सांगितला. पेज, इस्त्री, काही लपवलं नाही.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "जावईबापू, फोन त्या पाहुण्यांसमोर धरा." मी धरला. सासऱ्यांनी म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "दादा, तुम्ही पाणी ओतलंत, तुम्ही वाचलात. आम्ही पत्रिका बघितली आणि फसलो."

म्हातारा उत्सुकतेनं माझ्याकडे बघायला लागला. निल्दाही, सिल्वेस्त्रेही. आणि इब्राहीमभाईंना तर हसू आवरेना, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तेव्हा मराठी येणारा शुद्धीवरचा माणूस तिथे मी एकटाच उरलो होतो. मग काय करता? मीच घसा साफ केला आणि एक शब्द न गाळता हिंदीत सगळं सांगितलं.