डाव्या चपलेचा तळ

नरहरीकाका चमकणारी कोणतीही वस्तू आधी तिरकी धरून पाहतात. स्टीलचा पेला परत देताना बनियनच्या टोकाने पुसतात. टीव्हीचा रिमोट पिशवीत ठेवतात आणि पिशवीवरूनच बटणं दाबतात. स्कूटीच्या मीटरवरचं कंपनीचं प्लास्टिक त्यांनी कधी काढलं नाही. गिऱ्हाईक निघालं की मागून ओरडतात, "आधी सेंट, मग दागिना!"

सदर बाजारच्या एका गल्लीत ते चांदीच्या दागिन्यांना सोन्याचं पाणी चढवतात. घासलं की पाणी उतरतं, हे त्यांनी जन्मभर लोकांना बजावलं. त्याच गल्लीत स्कूटी घसरली. डावी नडगी मोडली. आत बसवलेल्या रॉडला जंतू लागले, पू झाला, रॉड काढावा लागला. बरेच महिने औषधं चालली. मग नवा रॉड बसला. डॉक्टरांनी समजावलं होतं की याच्यावर कोटिंग आहे. त्यातली चांदी जंतू मारते, आणि हाडात असतो तसा क्षार आहे, त्याला धरून हाड वाढतं.

"म्हणजे पाणी चढवलं आहे," काका म्हणाले होते. डॉक्टर हसले होते.

जंतू परतले नाहीत. पण हाडही भरलं नाही. मागच्या एक्स-रेमध्ये फट तशीच होती.

"सांगितलं तसा पायावर भार देता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हव," काका म्हणाले.

डॉक्टर फिल्मकडे पाहत राहिले. पुढच्या खेपेलाही असंच दिसलं तर पाय पुन्हा उघडावा लागेल, म्हणाले. आणि मग तो वाचेलच, हे सांगता येणार नाही.

इरावती ब्राह्मणपारा या मोहल्ल्यात काकांच्या शेजारी राहते. दवाखान्यात त्यांना तीच नेते. एका दुपारी ती वॉकर सरकवायला वाकली आणि दारातल्या चपला उलट्या झाल्या. ऑपरेशननंतर घेतलेला जोड. उजव्याची टाच झिजून तिरपी झालेली. डाव्याच्या तळावर किमतीचं स्टिकर. कोरं. आकडा वाचता येत होता.

व्हरांड्यात वॉकरची टकटक तिने रोज ऐकली होती. साऱ्या मोहल्ल्याने ऐकली होती.

काका पुढच्या खोलीत टेबलाशी बसले होते. दुकानातली करंटची मशीन त्यांनी घरी आणवली होती; करंट दिल्याशिवाय सोनं चढत नाही. तारेला लटकवलेला झुमका ते सोन्याच्या पाण्यात सोडत होते. जोडीतला पहिला पिवळाधमक होऊन फडक्यावर पडला होता.

तिने चप्पल त्यांच्यासमोर धरली.

"काका, पाय टेकवतच नाही तुम्ही?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "हळू बोल, पोट्टी. काकू ऐकंल."

"काहून पण?"

"पाणी चढवलेलं आहे त्याच्यावर. दाबलं, घासलं, तर उतरते. मले नको सांगू, माझा धंदा आहे तो." त्यांचा आवाज बारीक झाला. "मागच्याले पू झाला होता. वास येत होता माझ्याच पायाचा. हे पाणी गेलं तर उरलं काय? जपून राहिलो मी."

स्वयंपाकघरातून ममताकाकूंचा आवाज आला, "नव्या सायकलचा कागद फाटला तरी काढू दिला नाही या माणसाने! आता काय जपून राहिले?"

इरावतीने चप्पल खाली ठेवली.

एवढा हुशार माणूस. महिनोन्‌महिने एका पायावर. तेही पाय वाचवायला.

"काका, ते पाणी शोभेसाठी नाही चढवलेलं," ती कशीबशी म्हणाली. "त्याच्यावर हाड चढायचं आहे. आणि डॉक्टर काय म्हणाले? भार आला की हाड वाढतं. नाही तर नुसतं बसून राहतं."

काका तिच्याकडे बघू लागले.

"हाड चढते? त्याच्यावर?"

"हो."

"अन् भार नसला तर नाही चढत?"

"नाही."

त्यांनी पाण्यातल्या पांढऱ्या झुमक्याकडे पाहिलं. मग मशीनकडे. मशीन अजून सुरू केलेली नव्हती.

"म्हणजे करंटच दिला नाही मी," ते म्हणाले.

चेहरा उतरला होता. पुढचा एक्स-रे दोन दिवसांवर होता. तेवढ्यात हाड येत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

"डॉक्टरले खरं सांगू. एक महिना मागू," ते म्हणाले. "देतील?"

"मी मागते."

त्यांनी टेबलाची कड धरली. डावा पाय चपलेत सरकवला. उठले. आधी बोटं, मग टाच. ओठ पांढरे पडले. इरावतीने दंड धरला. काकू दारात येऊन थांबल्या, हातातलं पीठ तसंच.

"वॉकर दे," काका म्हणाले.

या वेळी टकटकीमागून आणखी एक आवाज येत होता. चप्पल फरशीला लागल्याचा.

टेबलावर दुसरा झुमका तारेला टांगून तसाच पाण्यात राहिला. पांढराच.