खिडकीची जागा

दोन महिन्यांसाठी म्हणून आयर्लंडला मुलाकडे आले आणि कोरोनाने विमानंच बंद झाली. हे तिकडे नागपूरला एकटे. दूध उतू घालवल्याशिवाय ज्याला चहा जमत नाही, असा माणूस! शेजारून डबा यायचा, तरी मला इकडे घास गोड लागत नव्हता. निदान मी सगळ्यांना तसं सांगत होते.

जुलैत फिरायला परवानगी मिळाली, तशी मुलाने मला उत्तरेला डोनेगलला न्यायचं ठरवलं. स्लायगोपर्यंत रेल्वे, पुढे बस. तिकडे रूळच नाहीत म्हणे. यांच्यासोबत प्रवास म्हणजे खिडकी यांची आणि पोळीभाजी, पाणी, पिशव्या माझ्या मांडीवर. इथे मांडी रिकामी आणि खिडकी माझी. मलिंगार स्टेशन गेलं आणि रुळाला लागूनच भलंमोठं तळं सुरू झालं. मी मास्कच्या आत चक्क गुणगुणत होते. मग एकदम लाज वाटली. नवरा तिकडे गार पोळ्या खातोय आणि बाई गाणी म्हणतेय!

स्लायगोहून बस निघाली. एका बाजूला डोंगर आणि मेंढ्या, दुसरीकडे मधूनमधून समुद्र. माणूस म्हणून दिसेना. तेवढ्यात मुलाला ओळखीच्या एकाचा फोन आला. आपल्या सरकारने भारतात परतायला सोडलेल्या विमानात एक जागा होती, पण लगेच कळवायला हवं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. म्हटलं, राहू दे, पुढच्या वेळी बघू. त्याला वाटलं, आई एकटीने जायला घाबरते. मीही तसंच वाटू दिलं.

गावात उतरून धक्क्यावर चिप्स खात बसलो, तोच यांचा व्हिडिओ कॉल. मागचा समुद्र दिसू नये म्हणून मी उठून भिंतीला टेकले. विमानाचं काही कळलं का, यांनी विचारलं. नाही हो, म्हटलं. मग नेहमीचा प्रश्न, तिकडे करमतं का? त्याचं उत्तर ठरलेलं असतं. घर सोडून गेलेल्या बाईने ‘नाही करमत’ म्हणायचंच असतं. मीही तेच म्हटलं.

हे म्हणाले, “मलाही नाही करमत गं.”

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून असं काही आलं नव्हतं. मी मेली काय करून बसले! कॉल संपताच मुलाला विचारलं, ती जागा आहे का रे अजून?

त्याने फोन लावला, ऐकून घेतलं आणि खिशात ठेवला.

“गेली, आई.”