चौसष्ट शेळ्यांचे मालक

माझ्या शहाणपणामुळे माझे सासरे एका दिवसात चौसष्ट शेळ्यांचे मालक झाले. गोठ्यात होत्या तीन. नातवंडांना हे खोटं वाटतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भुकूमच्या पुढे आमचं गाव आणि मी एका कचेरीत टायपिस्ट. कचेरीत कॉम्प्युटर आला, त्याला थंडगार खोली मिळाली आणि आत जाताना मी चपला बाहेर काढू लागले (देवळात कधीमधी विसरायचे). पहिलंच काम जनावरांच्या लशीचं. कुणाच्या किती शेळ्या ते मी भरायचं, मशीन मालकाच्या नावाने बोलावणं छापणार.

"आधी नीट तपासून बघा," साहेब म्हणाले.

मी तपासलं की! आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं नाव घातलं, तीन शेळ्या घातल्या. छापून आलं: ज्ञानोबा, शेळ्या तीन. झालं. मी अख्खं गाव भरून मोकळी झाले.

आता, आमच्या गावात आडनाव एकच आणि ज्ञानोबा सहा. गावाचं त्यावाचून कधी अडलं नाही. एक वरच्या आळीचा, एक विहिरीजवळचा, एक मिशीवाला. मशीनला ना विहीर ठाऊक, ना मिशी. त्याने सहा जणांचा एकच ज्ञानोबा केला, साऱ्या शेळ्या त्याच्या दावणीला बांधल्या आणि एकच कार्ड धाडलं. आमच्या घरी.

"सूनबाई, ह्यात चौसष्ट लिवल्यात."

"मशीन चुकत नसतं, आबा."

"आगं, पण आपल्या तीनच हायेत."

"तुम्ही परत मोजून या."

(जन्म शेळ्यांमागे काढलेल्या माणसाला हे मी सांगितलं.)

आबा खरंच मोजून आले. तीनच. "सरकारी कागद हाय," ते म्हणाले. "तीन नेल्या तर म्हणत्याल, बाकीच्या कुटं दडवल्या?" आणि शेळ्या उसन्या आणायला निघाले. पहिले गेले ते आपल्याच नावाच्या पाच जणांकडे, कारण ते नाही म्हणणार नाहीत.

तेवढ्यानेच गाव वाचलं. आदल्या पावसाळ्यात पोट फुगून कितीतरी शेळ्या मेल्या होत्या. लस बर्फाच्या डब्यातून एकच दिवस येणार होती, आणि त्या पाच ज्ञानोबांना बोलावणंच नव्हतं. ते शेळ्या घेऊन रानात जायच्या बेतात होते.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढे डॉक्टरांनी विचारलं, "ह्या शेळ्यांचे मालक ज्ञानोबा कोण?"

"म्या," सहा जण म्हणाले.

डॉक्टरांनी कार्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेळ्या मोजल्या. बरोबर चौसष्ट.

"बेरीज चुकली नाही बघा," मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

सगळ्यांना लस मिळाली. डॉक्टर म्हणाले, आज रानात न्यायच्या नाहीत, सावलीत बांधा. पाचही ज्ञानोबांनी एका सुरात सांगितलं, ज्यांनी उसन्या आणल्या त्यांनीच बांधाव्यात. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातात खराटा दिला आणि म्हणाल्या, "नव्या चुलीवर कपभर च्या झाला, म्हून तू गावजेवणाचा भात चढवलास. चढवलास तर चढवलास. आता ह्या एकसष्ट पावण्यांच्या लेंड्या काढ."