हिंदीत करून सांगितलेला मेसेज

"आप तो मराठी हो ना? जरा पढ़ के बताओ, क्या लिखा है," सेठजी म्हणाले आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी आलो होतो प्रिंटर दुरुस्त करायला. उज्जैनच्या भैरवगढ़ भागातल्या त्यांच्या कापड छपाई कारखान्याची एएमसी माझ्याकडे आहे. एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट. कॉम्प्युटर, प्रिंटर, वाय-फाय, काहीही बिघडलं की फोन मला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सुनंदाताईंचं चॅटिंगचं अ‍ॅप उघडं होतं. ताई मागच्या खोलीत डबा खायला गेल्या होत्या. मजकूर मराठी, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला. सेठजींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

ताईंचं काम शेड मिळवण्याचं. ग्राहकाच्या नमुन्यातला रंग आणि आपल्या कापडावर उतरलेला रंग एकच आहे ना, हे नजरेनं ठरवायचं. त्यांनी मान डोलावल्याशिवाय माल बाहेर जात नसे. अलीकडे मात्र निळ्याच्या जागी जवळजवळ काळा गेला, आणि तेही एकदा नाही, दोनदा. माल परत आला. सेठजींना कारण हवं होतं.

ते अ‍ॅप कॉम्प्युटरवर मीच लावून दिलं होतं. नमुन्यांचे फोटो ताईंच्या फोनवर येत आणि त्यांच्या प्रिंट काढाव्या लागत, म्हणून मी त्यांचा फोन कॉम्प्युटरशी लिंक केला. एकदा लिंक केलं की फोनवरची सगळी चॅट स्क्रीनवरही दिसतात, आणि आपण लॉगआउट करेपर्यंत दिसतच राहतात. तेव्हा ताईंनी विचारलं होतं, "विवेक, माझं घरचं बोलणं कोणी वाचणार नाही ना रे?" मी ऐटीत सांगितलं, की हे एन्क्रिप्टेड आहे. मेसेज निघतानाच कुलूपबंद होतो आणि ज्याला पाठवला त्याच्याकडेच उघडतो, मधे अ‍ॅपच्या कंपनीलासुद्धा वाचता येत नाही. सगळं खरं होतं. फक्त त्यांनी कंपनीबद्दल विचारलंच नव्हतं.

सेठजींना मी नाही म्हणू शकलो असतो. "दुसऱ्याचं आहे, राहू द्या," एवढं पुरलं असतं. ते मला सुचलंही. पण कंत्राट रिन्यू व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मालक आपला सल्ला घेतोय याचं जरा बरंही वाटलं. मी वाचलं आणि हिंदीत करून सांगितलं.

ताईंनी इंदूरच्या बहिणीला लिहिलं होतं, की डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढलाय, डॉक्टर म्हणतात गेलेली नजर परत येणार नाही. निळा आणि काळा आता उन्हात नेल्याशिवाय ओळखू येत नाहीत. शेवटी होतं, "सेठजींना कळलं तर टेबलावरून उठवतील. मग मी तिथे कोण?"

ती ओळसुद्धा मी सांगितली. सांगताना आवाज जरा खाली आला, एवढंच.

सेठजी तसे वाईट नाहीत. "अच्छा, तो ये बात है," म्हणाले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो. ते आठवलं की अजून स्वतःची किळस येते.

आठवड्याभरात ताईंना डोळ्यांचं कारण सांगून पॅकिंगला बसवलं.

मग एका दुपारी त्या माझ्या माधव नगरच्या दुकानात आल्या आणि फोन माझ्यासमोर ठेवला. बहिणीशिवाय कुणाला हे माहीत नव्हतं, म्हणाल्या. बहीण शपथा घेते, मला पटत नाही, आता आमचं बोलणंच बंद झालंय. फोन हॅक झालाय का, तेवढं बघ.

मी फोनमधली लिंक्ड डिव्हाइसची यादी उघडून दाखवली. ऑफिसचा कॉम्प्युटर अजून जोडलेला होता. तो काढून टाकला. हॅक वगैरे काही नाही ताई, तिथे उघडं राहिलं, तिथूनच कुणीतरी बघितलं असेल, असं म्हणालो. माझं नाव घ्यायची हिंमत झाली नाही.

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"पण सेठजींना तर मराठी येत नाही रे."

माझ्यासमोर एक कीबोर्ड होता. मी तो पुसत राहिलो. मग म्हणालो, "ताई, मी वाचून दाखवलं."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी बहिणीला नाही नाही ते बोलले," एवढंच म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

कोणतं अ‍ॅप सेफ आहे, असं लोक दुकानात येऊन अजूनही विचारतात. मी सांगतो, कुलूप बहुतेकांचं ठीकच असतं. आपला फोन कुठे कुठे जोडलाय ते बघत जा, आणि जोडून कुणी दिलाय तेही. लोकांना तो विनोद वाटतो.

कंत्राट पुन्हा मलाच मिळालं. उज्जैनमध्ये आम्ही मराठी माणसं दिवसभर हिंदी बोलतो, पण आपलं माणूस दिसलं की आपसूक मराठीवर येतो. इतकी वर्षं ताईंचं "अरे विवेक" मी असंच ऐकत आलो. परवा पॅकिंगमधून त्यांचा फोन आला.

"भैया, लेबल वाला प्रिंटर नहीं चल रहा। आप आ जाइए।"