शेंदराचं तोंड उत्तरेला

आता ही फजिती सांगायला बसलो खरा, पण आधीच कबूल करतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. ट्रेलरला दहा चाकं होती की चौदा, अप्पांचा पटका पांढरा होता की भगवा, चहा मी एकदा घेतला की तीनदा, यातलं काहीच शपथेवर सांगता येणार नाही. हल्ली चष्मा कुठे ठेवला हेही मला आठवत नाही. माझा मूर्खपणा मात्र लख्ख आठवतो. तो काही वयानं पुसट होत नाही.

तर झालं असं. नांदेडला आमचं छोटं घर होतं. समोरचा रस्ता रुंद होणार आणि त्यात आमचं अंगण जाणार, असं ठरलं. मुलगा लातूरला. तो म्हणाला, आता इकडेच या, घरामागे मोकळी जागा आहे. मी लगेच तयार झालो. मी कशालाही लगेच तयार होतो आणि मग तीन आठवडे झोपत नाही. पण आमची सुमन अडून बसली. कशावरून? एका झाडावरून.

अंगणात बॉटल पाम होता. घर बांधलं त्या वर्षी सुमननं माहेराहून, उमरीहून, त्याचं वीतभर रोप आणलं होतं. आईनं दुधाच्या पावडरीच्या डब्यात लावून दिलेलं. एस.टी.त डबा मांडीवर धरून बसली होती. आई त्याच हिवाळ्यात गेली. त्यानंतर त्या झाडाला आमच्या घरात एक वेगळंच स्थान होतं. माझ्यापेक्षा वरचं, एवढं नक्की.

"झाड येईल तिथं मी येईन," ती म्हणाली. "नाही आलं तर तुम्ही जा."

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही तर वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर, तुम्हाला कसली काळजी? अहो, माझी पीएच.डी. गोदावरीतल्या शेवाळावर आहे. शेवाळ इकडून तिकडे न्यायला चमचा पुरतो. हे झाड तीस फूट उंच आणि मुळांच्या गोळ्यासकट हत्तीएवढं! पण "मला यातलं काही कळत नाही" हे वाक्य बायकोसमोर म्हणायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

म्हणून महिनाभर वाचत बसलो. कळलं ते असं, की या झाडाला शेंड्याला एकच कोंब असतो, तो मोडला की खेळ खलास. मुळांचा गोळा एकदा हलवला की लगेच पुन्हा हलवायचा नाही. आणि झाडाची जी बाजू उत्तरेला असेल, ती नव्या जागीही उत्तरेलाच ठेवावी. पहिल्या दोन गोष्टींनी माझी झोप घालवली. तिसरीनं माझी अब्रू घालवली.

काम दिलं खलीलभाईंना. अर्धापूर रस्त्यावर त्यांची नर्सरी. बंगलेवाल्यांसाठी अशी कितीतरी झाडं त्यांनी हलवलेली. मी दिशेचं सांगितलं तर म्हणाले, "सर, झाडाला काय पुढचं अन् काय मागचं? कोंब सांभाळू, बास." पण मी शिकलेला ना! कॉलेजच्या प्रयोगशाळेतून होकायंत्र मागून आणलं आणि अंगणात उभा राहून उत्तर काढली.

सुमन तारेवर कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "अहो, सूर्य त्या गच्चीमागून उगवतो. मग उत्तर तिकडं कशी?"

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणालो. त्या वेळी मी बोअरच्या लोखंडी पाइपाला टेकून उभा होतो, हे मला जाणवलंसुद्धा नाही.

आता खूण कशानं करायची? दिवस श्रावणाचे. खडू पावसात जाईल, गेरूही जाईल. दोन दिवस मी याच चिंतेत. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मारुतीसमोरून जाताना डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं पावसात उभा आहे, पण रंग जसाच्या तसा. तेलात कालवलेला शेंदूर!

मी पुडी आणली, तेलात कालवला आणि खोडावर छातीच्या उंचीला ताटलीएवढा गोल काढला. सगळं खोड ओल्या पोत्यांनी गुंडाळलं, तेवढा गोल मात्र खिडकीसारखा उघडा ठेवला. दिसायला हवा ना!

तुमच्या लक्षात आलं? माझ्या नाही आलं.

न्यायचा दिवस आला तो सोमवारचा. सकाळी सुमन मुलाच्या गाडीतून पुढे लातूरला गेली. निघताना खोडावर हात ठेवून मला एवढंच म्हणाली, "नीट आणा."

झाड ट्रेलरवर आडवं करून आम्ही निघालो. मी आणि खलीलभाई मागे जीपमध्ये. लोहा गेलं, आणि अहमदपूरच्या अलीकडे एका गावाजवळ ट्रेलरचा मागचा आस मोडला. ड्रायव्हर म्हणाला, माल उतरवल्याशिवाय काही होणार नाही. रस्त्याचं काम चालू होतं, तिथली क्रेन खलीलभाईंनी विनंती करून आणली. झाड लिंबाखाली सावलीत आडवं ठेवू, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकतो का? जमिनीवर ठेवताना कोंब दबला तर? शेजारी कशासाठी तरी खणलेला खड्डा होता, चिखलानं अर्धा भरलेला. मी म्हणालो, उभंच करा. आणि दिशेनं करा.

आभाळ भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. मी क्रेनशेजारी उभा राहून होकायंत्रात बघत होतो आणि झाड तीनदा फिरवून घेतलं. क्रेनवाला खलीलभाईंच्या कानात काहीतरी बोलला. ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

समोरच्या किराणा दुकानातून एक गृहस्थ आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. थोडा वेळ बघून म्हणाले, "काय करायलाव सर?"

"उत्तर साधतोय."

"उत्तर तिकडं न्हाई का वो?" त्यांनी झाडामागच्या शेताकडे हात केला.

मी होकायंत्र त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी हात खाली घेतला. शिकलेल्या माणसाचं ऐकायची आमच्या भागातल्या लोकांना फार वाईट खोड आहे.

मग मला मुळांची काळजी लागली. महादेवाच्या देवळाकडे निघालेल्या चार बायका तांबे घेऊन चालल्या होत्या. मी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले. म्हणालो, बाई, जरा पाणी घाला. यात जीव आहे. हे वाळलं तर मला घरी जायला तोंड नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता! त्यांनी पाणी घातलं. मग माती दाबायची म्हणून मी चपला काढल्या आणि झाडाभोवती पायांनी चिखल तुडवत फिरू लागलो. अंगात पांढरा झब्बा-पायजमा, दोन्ही तळहातांत होकायंत्र, नजर त्यावर, आणि तोंडानं अंश पुटपुटतोय. खलीलभाई नंतर म्हणाले, सर, अकरा फेऱ्या झाल्या.

आता तुम्हीच सांगा. श्रावणी सोमवारी तुम्ही एस.टी.तून उतरलात, समोर शेंदूर लावलेला खांब, आणि एक म्हातारा अनवाणी प्रदक्षिणा घालतोय. तुम्ही काय केलं असतं? त्यांनीही तेच केलं.

पहिलं बेलाचं पान कोणी ठेवलं ते आठवत नाही. मग नारळ फुटला. मग कोणीतरी गावात सांगायला गेलं. मी मान वर केली तेव्हा पन्नास-साठ माणसं उभी होती आणि खलीलभाई माझा झब्बा ओढत होते. "सर, मामला वाढायलाय."

तीस वर्षं वर्गात अंधश्रद्धेवर बोललोय मी. म्हटलं, समजावून सांगू. "हे बघा, हे साधं झाड आहे. शेंदूर फक्त खुणेसाठी. याचं तोंड उत्तरेला लागतं."

"लागतंच की लेका," एक म्हातारी म्हणाली. "कैलास उत्तरंलाच हाय."

मी म्हणालो, माझ्या बायकोनं लावलंय. तर म्हणे, मग लक्ष्मीच्या हातचं हाय. मी म्हणालो, हिच्या आईची शेवटची आठवण आहे. बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि आणखी एक नारळ फुटला. मी बोलायचं थांबलो. माझं प्रत्येक वाक्य त्या झाडाला एकेक पायरी चढवत होतं.

चार वाजता आस बसला. क्रेन आली. कोणी अडवलं नाही हो! भांडण नाही, दमदाटी नाही. फक्त अप्पा पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, एक इचारू का? आता परत उचललं तर जगंल का हे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रश्न माझ्या विषयातला होता. त्या क्षणी खोटं बोलायला हवं होतं. पण वर्गात उभं राहून राहून सवय लागलेली.

"खात्री नाही," मी म्हणालो. "इतक्या लगेच पुन्हा मुळं हलली तर बहुतेक मरतं."

"मग राहू द्या की."

मी खलीलभाईंकडे बघितलं. ते वाकून मुळांपाशी माती चाचपत होते. लातूरला दारात सुमन वाट बघत असणार. नेलं तर तिच्या डोळ्यांसमोर झाड मरणार, ठेवलं तर तिला झाड दिसणारच नाही. त्या चिखलात उभा राहून मला वाटलं, आपण आयुष्यभर शेवाळच बघायला हवं होतं. त्याला नातेवाईक नसतात.

मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. झाड तिथंच ठेवलं. सुमनला फोन केला, आस मोडलाय, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी लातूरच्या एका नर्सरीतून तेवढ्याच उंचीचा दुसरा पाम उचलला आणि मुलाच्या घरामागे उभा केला. खलीलभाईंना गप्प राहायची शपथ घातली.

सुमन बाहेर आली. झाडाभोवती एक फेरी मारली. खोडावरून वर-खाली हात फिरवला. मला वाटलं, आता संपलं. पण ती म्हणाली, "दमलं असेल. पाणी घाला त्याला."

बस, एवढंच. मी सुटलो! म्हणजे सुटलो कसला? सात वर्षं रोज ती त्या झाडाला पाणी घालायची आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचो. तो रस्ता मी सोडूनच दिला. नांदेडला जायचं तर रेल्वेनं. एस.टी.त मला मळमळतं, असं जाहीर केलं. सुमन मात्र दर श्रावणात भावाला राखी बांधायला एस.टी.नंच उमरीला जायची. एकटी. "तुम्हाला सोसत नाही, तुम्ही घरीच थांबा," म्हणायची. किती जपते मला, असं वाटून मला भरून यायचं.

गेल्या वर्षी नाइलाज झाला. एका जुन्या सहकाऱ्याच्या गाडीतून निघालो होतो आणि त्यानं चहासाठी गाडी थांबवली ती नेमकी तिथंच. समोर झाड. आणखी उंच झालेलं, खाली दगडी पार, वर घंटा. जवळ गेलो. पोती कधीच निघालेली. शेंदराच्या हातभर वर, खोडात एक जुनी खोक आणि तिच्यात गंजलेला आकडा.

आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेचा आकडा! तो सुमननं ठोकला तेव्हा मीच तिला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं, की पामच्या खोडाची जखम कधी भरून येत नाही, जन्मभर तशीच राहते. त्या दिवशी लातूरला नव्या झाडावर तिचा हात काय शोधत होता, ते मला सात वर्षांनी कळलं.

अप्पा थकले होते, पण त्यांनी ओळखलं. चहा मागवला. मी भीत भीत विचारलं, कोणी येतं का याला भेटायला?

"ताई येतेत की. पयल्याच वर्षापासून. खलीलभाईला फोन लावला म्हणं त्यांनी. दर श्रावणात उतरतेत, आईच्या नावानं तांब्याभर पाणी घालतेत, अन् मागच्या एस.टी.नं फुडं जातेत."

"मला कधीच बोलली नाही."

"त्या म्हणाल्या, सरांना कळू देऊ नका. बीपी हाय त्यांना. लई घाबरतेत."

मी घरी जाऊन काही बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही. या श्रावणात तिनं पिशवी भरली तेव्हा तिच्या तांब्याकडे न बघता मी पेपर वाचत बसलो.

पण त्या दिवशी निघण्याआधी एक गोष्ट तपासून घेतली. मोबाइलमध्ये होकायंत्र असतं. जवळपास क्रेन नाही, पाइप नाही, लोखंडाची वस्तू नाही, हे बघून घेतलं आणि पारासमोर उभा राहिलो. तीनदा बघितलं. शेंदराचं तोंड दक्षिणेला आहे, थेट रस्त्याकडे. खरी उत्तर मागे, अप्पांनी दाखवली होती तिथंच, सोयाबीनच्या शेतात. मी उत्तर बरोबर काढली असती, तर रस्त्यावरून जाणाऱ्या एकालाही तो शेंदूर दिसला नसता.